मुलींची शाळा : उघडणारे आणि चालविणारे

(मंडळाच्या नांदगाव पेठ येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ह्या वर्षीच्या मेळाव्यात स्त्रीशिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली. आम्ही कोणी पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांतून मुळाक्षरे गिरवून घेण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा आमच्याकडून तत्त्वज्ञानाची अपेक्षा आपण ठेवणार नाही, असा आमचा विश्वास आहे. शिक्षकाला एक गोष्ट मात्र येते. ती म्हणजे झालेली हकीकत क्रमवार सांगणे. यास्तव 'स्त्रीशिक्षण' ह्या विस्तीर्ण विषयात न शिरता, मुलींच्या शाळा आपल्या महाराष्ट्रात कशा उघडल्या, त्यांतील कोणती टिकली, कोणती अडखळली आणि का, एवढेच आम्ही आपणांपुढे ठेवणार आहो. शेवटी त्यातून मंडळाच्या एका चालू प्रश्नाविषयी जे निष्पन्न होते तेही निवेदन करू.

आम्ही ज्या शाळांविषयी बोलत आहो त्या वसतिगृहाच्या शाळा नव्हत. मुलगी सकाळी घरातून निघते, दिवसभर शिकते आणि दिवेलागणीच्या आत घरी परतते, अशा त्या दिवसाच्या शाळा. वसतिगृहातील मुलीला एकदाच उंबरठा ओलांडावा लागतो. दिवसाच्या शाळेतील मुलीला तो रोज ओलांडावा लागतो. रोज सकाळी घराची संमती नव्याने मिळवावी लागते आणि रोज तोच रस्ता तुडवावा लागतो. ह्या शाळांचा इतिहास म्हणूनच वर्गाच्या चार भिंतींत जितका घडला, तितकाच घर आणि शाळा यांमधील रस्त्यावर घडला.

पहिली हकीकत पुण्याची. १ जानेवारी १८४८ रोजी बुधवार पेठेतील तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा उघडली, असे सामान्यतः मानले जाते. त्या वेळी जोतीरावांचे वय अवघे वीस वर्षांचे होते आणि सावित्रीबाईंना सतरावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार मुलींची शाळा चालवीत; ती पाहून आपल्या लोकांनीही अशी शाळा काढावी, ही स्फूर्ती जोतीरावांना झाली. मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे ह्या कामी त्यांचे पाठीराखे होते. पत्नीला घरीच शिकवून जोतीरावांनी तिला शिक्षिका केले. त्या काळी मुलींना शिकविण्यास आपल्या समाजातील स्त्री मिळणे अशक्य होते. म्हणून शाळा उघडण्याआधी शिक्षिका घडवावी लागली, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सावित्रीबाई शाळेत जाण्यास निघाल्या म्हणजे रस्त्यातील टवाळ लोक त्यांच्या अंगावर शेणमाती फेकीत. त्यांच्यासोबत जाणारे शिपाई बळवंत सखाराम कोल्हे यांच्या आठवणींतून ही हकीकत पुढील पिढ्यांना कळली. बाई एक लुगडे नेसून जात आणि दुसरे जवळ बाळगीत. शाळेत पोहोचल्यावर मळलेले बदलीत आणि शिकवावयास उभ्या राहात. भगिनींनो, ह्या दुसऱ्या लुगड्याचा विचार आपण करावा. रस्त्यावर काय होणार हे घरातून निघतानाच ज्या बाईला ठाऊक आहे, तिने भांडण टाळले नाही आणि शाळाही टाळली नाही. तिने फक्त एक लुगडे जास्त घेतले. १८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांना वडिलांचे घर सोडावे लागले. म्हणजे शाळेसाठी रस्ताही गेला आणि घरही गेले.

पहिल्या शाळेत खंड पडला, तथापि काम थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात नवी शाळा उघडली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत दुसरी आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत तिसरी निघाली. दक्षिणा प्राइज फंडातून दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य मिळू लागले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यातील समारंभात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा गौरव केला. ह्याच शाळांतून शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मातंग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. ज्या समाजाला अक्षराची सावलीही निषिद्ध होती, त्यातील एक मुलगी अवघ्या काही वर्षांत आपल्या लोकांची बाजू छापील कागदावर मांडू लागली. शाळेचे फळ याहून निराळे ते काय असावयाचे?

आता ह्या हकीकतीचा जो भाग सभासमारंभांत बहुधा सांगितला जात नाही, तो सांगतो. १८५७ च्या उठावानंतर ज्या युरोपीय गृहस्थांकडून वर्गणी येत असे, त्यांचा हात आखडला. सरकारी साहाय्यही ओसरले. अभ्यासक्रमाविषयी कार्यकारी मंडळात मतभेद होऊन जोतीराव त्या कारभारातून बाजूला झाले. १८५८ च्या सुमारास ह्या शाळांचा गाडा रुतला. धैर्य कमी पडले असे कोणी म्हणू शकणार नाही. सावित्रीबाईंच्या धैर्याला तोड नाही. विद्यार्थिनीही होत्या, कीर्तीही होती. कमी पडला तो शाळेमागचा पैसा. तो परक्यांच्या वर्गणीवर आणि सरकारच्या मर्जीवर अवलंबून होता, आणि ज्या समाजाच्या मुली शिकत होत्या त्या समाजाने आपला हात पुढे केलेला नव्हता.

मुंबईत ह्याच सुमारास काय घडले तेही पाहू. तेथे एल्फिन्स्टन संस्थेतील तरुण विद्यार्थ्यांच्या सभेने १८४९ साली मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. आरंभी हे तरुण स्वतःच विनावेतन शिकवीत. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. मराठी मुलींच्या शाळेला नाना जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली. ज्या समाजाच्या मुली, त्याच समाजातील धनिकाचा आश्रय, असा योग तेथे जुळून आला.

आता दुसरी हकीकत, तीही पुण्याचीच. भिडेवाड्यानंतर छत्तीस वर्षांनी, २९ सप्टेंबर १८८४ रोजी, मुलींसाठी हायस्कूल उघडले. तेच पुढे हुजूरपागा ह्या नावाने महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जेथे होती, ती ही जागा. जेथे स्वारीचे घोडे बांधीत तेथे मुलींचे वर्ग भरू लागले, हा काळाचा महिमाच म्हणावयाचा! वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित अशी विद्वान मंडळी तिच्या संस्थापकांत होती, आणि सर विल्यम वेडरबर्न यांनी द्रव्यसाहाय्य केले.

ही शाळाही सुखासुखी निघाली नाही. शाळेच्या मागणीचे इंग्रजी मानपत्र गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे भर सभेत रमाबाई रानडे यांनी वाचून दाखविले, आणि त्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे त्यांना सोसावे लागले. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' ह्या आपल्या पुस्तकात रमाबाईंनी स्वतःच्या शिक्षणापायी सोसलेला हा घरचा छळ शांतपणे लिहून ठेवला आहे. सावित्रीबाईंना रस्त्याने छळले. रमाबाईंना माजघराने छळले. माजघरातील शब्दांचे डाग धुण्यास दुसरे लुगडे कामास येत नाही, हे येथे बसलेल्या भगिनींना आम्ही सांगावयास नको.

शाळा सुरू झाल्यावर वाद पेटला तो वेळापत्रकावरून आणि अभ्यासक्रमावरून. अकरा ते पाच मुलगी शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार, असा आक्षेप घेण्यात आला. 'केसरी' आणि 'मराठा' ह्या पत्रांतून लोकमान्य टिळकांच्या पक्षाने ह्या शिक्षणक्रमावर कडक टीका केली; मुलींना दिवसाकाठी तीन तासांची शाळा पुरे, असे त्यांचे मत होते. लोकमान्यांच्या देशसेवेविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. परंतु ह्या एका प्रश्नात काळाने कौल कोणाच्या बाजूने दिला, हे आज शाळेत जाणारी कोणतीही मुलगी सांगेल. हा वाद वेळेचा दिसला तरी मुळात मुलीचा दिवस कोणाच्या मालकीचा, ह्याचा होता. आजही आपल्या घरांत परीक्षेच्या दिवसांत लग्नकार्य निघते तेव्हा भावाचा अभ्यास बुडू नये म्हणून त्याला घरी ठेवतात आणि बहिणीला लाडू वळावयास बसवितात. तेव्हा १८८४ चाच वाद आपण पुन्हा मांडीत असतो.

हुजूरपागा मात्र टिकली. एकशेचाळीस वर्षांहून अधिक काळ ती चालत आली आहे. थोर विदुषी डॉ. इरावती कर्वे यांचे शालेय शिक्षण तेथेच झाले. ब्रह्मदेशात जन्मलेली ही मुलगी लहानपणीच तेथे शिकावयास आली. ही शाळा का टिकली? रानडे-मोडकांचे धैर्य सावित्रीबाईंच्या धैर्यापेक्षा मोठे होते म्हणून काय? मुळीच नाही. शाळेमागे संस्था उभी केली गेली. जागा संस्थेची झाली, निधी संस्थेचा झाला, हिशेब संस्थेने ठेवला. मोडक गेले, १९०१ साली रानडे गेले, देणगीदार काळाच्या पडद्याआड गेले. पण सकाळी घंटा वाजविणारे हात बदलत राहिले आणि घंटा वाजत राहिली. माणूस कितीही थोर असला तरी तो थकतो. संस्था नीट बांधली तर तिला थकवा येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, गुरुजी, रानडे न्यायाधीश, भांडारकर महापंडित. मोठ्यांच्या मोठ्या गोष्टी. आपल्या वऱ्हाडातील साध्या माणसांनी काय करावे? त्यांच्यासाठी तिसरी हकीकत आपल्या विदर्भातीलच आहे. उमरेड येथे १८९२ साली एका गरीब महार कुटुंबात जाईबाई चौधरी यांचा जन्म झाला. पोटासाठी त्या नागपूरच्या रेल्वे स्टेशनावर हमाली करीत. उतारूंचे ओझे डोक्यावर घेऊन पायी नेऊन पोचवीत. एका मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्यांना शिक्षिकेचे काम मिळाले. पुढे १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. डोक्यावरचे ओझे उतरवून ठेवलेल्या बाईने आपल्या वस्तीतील मुलींच्या हातात पाटी दिली. त्यांच्या पाठीशी न्यायमूर्ती नव्हते, गव्हर्नरही नव्हते. जे होते ते आपल्याच माणसांपाशी होते.

आणि त्याचा प्रवाह आपल्या अमरावतीपर्यंत येऊन पोहोचतो. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित वर्गाच्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांना मार्गदर्शन केले, आणि त्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. ज्या शहरात आज आपल्या मुली शिकावयास जातात, त्याच शहरातील एक स्त्री ऐंशी वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या सभेचे अध्यक्षपद भूषविते, हे आपल्या मुलींच्या पाठ्यपुस्तकात नसले तरी आपल्या घरातील बोलण्यात असावयास हवे.

शिक्षणासाठी समाजाने पदरमोड करावी, हे वऱ्हाडाला नवे नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली, ती शेतकऱ्यांच्या मुलांना दृष्टीसमोर ठेवून. ताटवाटी मोडावी, भाकरी हातावर घेऊन खावी, पण लेकरांना शिकवावे, असे गाडगेबाबा कीर्तनात कळवळून सांगत. आपल्याच नागपूर रस्त्यावर पुढे मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज आहे. त्यांच्या ग्रामगीतेत स्त्रियांच्या उन्नतीला स्वतंत्र अध्याय आहे. बाबांचे कीर्तन ऐकावयास आणि महाराजांचे भजन म्हणावयास आपण सर्व पुढे असतो. प्रश्न ताट मोडण्याचा आला म्हणजे मागे कोण सरतो, ते ज्याचे त्याने पाहावे.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. मंडळापाशी सभासदांच्या वर्गणीतून काही रक्कम जमली आहे आणि तीतून समाजाचे सभागृह बांधावे असा विचार चालू आहे. सभागृह नको, असे आमचे म्हणणे नाही. लग्नकार्यास जागा हवी, मेळाव्यास छप्पर हवे, हे आम्हांसही कळते. आमचे म्हणणे एवढेच की, जमलेल्या रकमेचा अर्धा भाग मुलींच्या शिक्षणाचा कायम निधी म्हणून निराळा ठेवावा. मुद्दलाला हात लावू नये. त्याच्या व्याजातून दरसाल दहावीपुढे शिकणाऱ्या मुलींना साहाय्य द्यावे.

याला तीन आक्षेप आमच्या कानी आले आहेत. पहिला असा की, आता सरकारच सर्व देते. खरे आहे. बारावीपर्यंत मुलींना शिक्षणशुल्क नाही. खेड्यातून शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो. २०२४ पासून आर्थिक मर्यादेत बसणाऱ्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्कही माफ झाले आहे. सरकारचे हे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु जोतीरावांच्या शाळांनाही दरमहा ७५ रुपये मिळत होते, हे विसरू नये. शिवाय फी माफ झाली तरी पुस्तके, खोलीभाडे, प्रयोगवही, परीक्षेचे अर्ज आणि संध्याकाळच्या तासानंतर शेवटची गाडी चुकली तर रिक्षाचे पैसे हे कोणी माफ केलेले नाहीत. मुलीचे शिक्षण पुष्कळदा फीवाचून अडत नाही. ते अशा बारीकसारीक खर्चाच्या निमित्ताने अडते.

दुसरा आक्षेप रस्त्याचा. नांदगाव पेठेहून अमरावतीस जावयाचे म्हणजे हमरस्ता, ट्रकांची वर्दळ, औद्योगिक वसाहतीची गर्दी. त्यात लोक काय म्हणतील ही भीती. बापाच्या काळजीला आम्ही हसत नाही. परंतु रस्ता वाईट म्हणून मुलीला घरी बसविणे हा उपाय नव्हे. सावित्रीबाईंसोबत शिपाई चालत असे. आपल्या मुली चार-पाच मिळून एकाच गाडीने जातील आणि थांब्यावर त्यांना उतरवून घ्यावयास पाळीपाळीने घरचे वडीलधारे उभे राहतील, एवढी व्यवस्था मंडळ सहज करू शकेल. यास पैसाही लागत नाही.

तिसरा आक्षेप आम्ही नोकरीच्या काळात एका पालकाच्या तोंडून अगदी रोखठोक ऐकला. सातवीत पहिली आलेली त्यांची मुलगी शाळेतून काढू नये म्हणून आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगी शिकून मोठी झाली तं तिच्याजोगता नवरा कोठून आनू? आन् हुंडा कोन देईन?" ह्या प्रश्नाचे उत्तर शाळेपाशी नाही; ते आपल्या ज्ञातीपाशी आहे. शिकलेल्या मुलीला जास्त हुंडा मागणारे वरपक्ष आपल्याच मेळाव्यात पुढच्या रांगेत बसतात. मंडळाने अशांना पुढची रांग देऊ नये. हुंडा कायद्याने १९६१ पासून निषिद्ध आहे; तो व्यवहारातून निषिद्ध करणे हे मंडळाचे काम आहे.

ह्या निधीसाठी आम्ही काही बारीक सूचनाही करतो. दरवर्षी दहावीचा निकाल लागल्यावर मंडळाच्या दोन भगिनींनी आपल्या घराघरांत जाऊन कोणती मुलगी पुढे शिकते आणि कोणती थांबली, याची यादी करावी. थांबलेल्या मुलीच्या घरी आठवड्याच्या आत जावे. कारण एकदा वर्ष गेले की मुलगी परत येत नाही, हा आम्हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. निधीच्या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात. हिशेब दरसाल ह्याच स्मरणिकेत छापावा. साहाय्य घेऊन शिकलेल्या मुलीने पुढे कमावती झाल्यावर, सक्ती नसताना, जमेल तेवढी रक्कम निधीत परत घालावी. असे झाले तर हा निधी विहिरीसारखा राहील. उपसला तरी झरा आटणार नाही.

बंधुभगिनींनो, भिडेवाडा आज उभा नाही. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती जीर्ण इमारत पाडण्यात आली, ती तेथे राष्ट्रीय स्मारक उभारावे म्हणून. स्मारक अवश्य व्हावे. परंतु पहिली शाळा आपण स्मारकाच्या रूपाने जपू पाहतो आणि हुजूरपागेत मात्र आजही हजेरी घेतली जाते, यातील फरक आपल्या मंडळाने नीट ओळखावा. सावित्रीबाईंनी आणि जाईबाईंनी जे धैर्य दाखविले ते दाखविण्याची पाळी आज आपणांवर आलेली नाही. आपल्या अंगावर कोणी शेण फेकणार नाही. आपल्या वाट्याला त्याहून पुष्कळ सोपे काम आले आहे : पावती फाडणे, हिशेब ठेवणे, यादी करणे आणि थांब्यावर उभे राहणे. एवढे सोपे कामही आपल्या हातून न झाले, तर जयंतीच्या दिवशी तसबिरीला हार घालण्यास आपण कोणत्या तोंडाने जावे?

निधीचा ठराव आजच्या सर्वसाधारण सभेत मांडण्याची अनुज्ञा अध्यक्षमहाराजांनी द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. त्याला अनुमोदन एखाद्या भगिनीने द्यावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.